पालथी घागर

बाराघरवाडीचा इतिहास मी तीनदा लिहायला घेतला. पहिल्यांदा शिक्षण खात्यानं 'आपला गाव' असा छापील फॉर्म पाठवला म्हणून, दुसऱ्यांदा वाडीला पन्नास वर्षं झाली तेव्हा सरपंच भगवानरावांनी गळ घातली म्हणून, आणि आता तिसऱ्यांदा, कोणीही न सांगता. आधीच्या दोन्ही वेळा मी खोटं लिहिलं नव्हतं. फक्त जे लिहायला हवं होतं ते गाळलं होतं. गाळलेल्या जागा भरा, असं पोरांना तीस वर्षं सांगत आलो, आणि स्वतः मात्र गाळत बसलो.

मी गोविंदराव, मूळचा परभणीचा. एकोणीसशे अठ्ठावन्न साली इथल्या एकशिक्षकी शाळेवर आलो तेव्हा वर्षभरात बदली करून घ्यायचा विचार होता. चारठाण्याहून दोन तास पायी चालायचं, वाटेत सावलीला धड झाड नाही, आणि पोचल्यावर चहा मिळायचा तो गुळाचा. बदलीचा अर्ज मी चार वेळा केला, तो चारही वेळा कुठल्यातरी फायलीत जिरला. पुढे अर्ज करायचंच विसरलो. माझी बायको सुमंगला म्हणायची की तुम्हाला वाडी आवडते, फक्त ते कबूल करायची लाज वाटते. तिचं बोलणं बहुतेक वेळा खरं असायचं, म्हणून मी चिडायचो.

वाडी वसली निजामाच्या अमलात, एकोणीसशे पस्तीस साली. डोंगराकडचं काटेरी रान तोडून जो कसेल त्याला पट्टा, अशी दवंडी तहसिलीतून पिटली गेली. खालच्या गावांत ज्यांना वीतभर जमीन नव्हती अशी बारा घरं बैलगाड्या घेऊन वर आली. साहेबलोकांनी कुठं कुठं वसाहती केल्या त्याची जाडजूड पुस्तकं निघतात. आमच्या लोकांनी वाडी वसवली त्याचं कोणी साधं पोस्टकार्डही लिहिलं नाही.

पहिला पावसाळा त्यांनी पळसाच्या फांद्यांच्या खोपीत काढला. बाभळी, हिवर, बोरी मुळासकट उपटल्या. वावरातले दगड वेचून जे बांध घातले ते आजही ढळलेले नाहीत. पहिल्या वर्षी लांडग्यांनी शेळ्या नेल्या, दुसऱ्या वर्षी तापानं सात लेकरं नेली. तरी एकही घर खाली परत गेलं नाही. मला ह्या माणसांचा अभिमान वाटतो, आणि पुढे जे सांगायचं आहे ते सांगतानासुद्धा वाटतो.

पाणी मात्र नव्हतं. बायका कोसभर खाली ओढ्याला जायच्या आणि डोक्यावर दोन दोन घागरी घेऊन चढ चढायच्या. त्यांत पंधरा वर्षांची तानुबाई होती, सिताराम बप्पांची नवी नवरी. तिचं पहिलं मूल त्या चढावर गेलं. सातव्या महिन्यात, भरल्या घागरी डोक्यावर असताना, तिथेच वाटेत. बप्पा तेव्हा बावीस वर्षांचे होते. त्यांनी तिला उचलून घरी आणली, आणि दुसऱ्या दिवशी पहार घेऊन वाडीच्या मधोमध खणायला लागले. लोकांना वाटलं माणूस दुःखानं वेडा झाला.

पंधरा हातांवर काळा खडक लागला आणि सगळे मागे सरले. पुढे आला तो मुंजाजी. मुंजाजीचं घर बारा घरांपैकीच, पण वाडीच्या कडेला, कारण ते महाराचं घर. त्याला दगड कळायचा. कान लावून ऐकायचा आणि सांगायचा, इथं घण घाला. दोन उन्हाळे तो आणि बप्पा त्या खड्ड्यात होते. अठ्ठावीस हातांवर पाणी लागलं तेव्हा तळाशी मुंजाजी होता. विहिरीचं पहिलं पाणी त्यानं ओंजळीनं प्यायलं आणि मग वर हाक दिली.

तिसऱ्या दिवशी विहिरीची पूजा झाली. त्यानंतर मुंजाजीच्या बायकोनं विहिरीपासून दहा पावलांवर उभं राहायचं आणि कोणीतरी वरून पाणी वाढायचं, असं ठरलं. कोणी ठरवलं, ते कोणाला सांगता येत नाही. सगळ्यांनीच ठरवलं. बप्पाही त्या दिवशी गप्प बसले, आणि ते गप्प बसणं त्यांना जन्मभर खुपत राहिलं. हे त्यांनीच मला सांगितलं.

आता वाडीची रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच अडलं. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखितीला, पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, तशी घरोघर भरतात. वाडीत त्याशिवाय वसवणाऱ्यांच्या घागरी विहिरीच्या कठड्यावर मांडतात. जो गेला त्याची घागर सुलटी, काठोकाठ भरलेली. जो जिवंत आहे त्याची पालथी. ज्याची घागर भरायची त्याचं नाव मोठ्यानं पुकारायचं, मगच पाणी त्याला पोचतं आणि वर्षभर पुरतं, अशी समजूत. दुपारनंतर त्याच घागरींतलं पाणी घरोघर वाटायचं, वाटसरूला पाजायचं, कोणाला नाही म्हणायचं नाही. नावं पुकारायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा आवाज मोठा आणि यादी माझ्या वहीत. मला ती रीत गोड वाटायची. मेलेल्याला पाणी पोचतं यावर माझा विश्वास नव्हता.

घरं बारा, पण कठड्यावर घागरी अकराच. मुंजाजीची घागर नव्हती. नवा होतो तेव्हा मी बप्पांना विचारलं होतं. ते म्हणाले होते की ती घागर मांडली तर गाव उठेल आणि मी भित्रा माणूस आहे. मला त्यांचं उत्तर पटलं, कारण मीही तसाच होतो.

अठ्ठ्याहत्तर साली, आषाढ सरता सरता, विद्यापीठाच्या नावाचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. ज्या विद्यापीठाची पायरी आमच्यातल्या एकानंही पाहिली नव्हती, त्याच्या नावासाठी आजूबाजूच्या गावांतली पोरं काठ्या आणि रॉकेल घेऊन दिवसाढवळ्या वाडीत आली. त्यांत आमचीही चार होती. मीच शिकवलेली. मुंजाजी तेव्हा हयात नव्हता. घरात त्याचा मुलगा लिंबाजी, त्याची बायको आणि दोन लहान मुली. लिंबाजीही माझाच विद्यार्थी, त्याच्या हाताला वळण मी लावलेलं, आणि अक्षर माझ्याहून चांगलं.

बप्पा त्या चौघांना घेऊन शाळेकडे आले. दगडी भिंती, लोखंडी दार, वाडीत तेवढीच एक पक्की इमारत.

"गुरुजी, कुलूप काढा," ते म्हणाले.

किल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. मी म्हणालो की इमारत सरकारी आहे, वरून परवानगी लागेल. हे वाक्य मी इतक्या शांतपणे बोललो की आजही माझ्या कानात ते माझ्या आवाजात ऐकू येतं. बप्पांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. लिंबाजीच्या धाकट्या मुलीच्या हातात पाटी होती, ती तिनं छातीशी धरली होती. मग ते वळले, स्वतःच्या गोठ्यात त्यांना बसवलं आणि दारात कुऱ्हाड घेऊन उभे राहिले. बप्पांच्या अंगावर जायची कोणाची हिंमत झाली नाही. लिंबाजीचं घर मात्र जळालं. माणसं वाचली, ज्वारीची कणगी राखेत गेली.

पोरं पांगल्यावर बप्पांनी बैलगाडी जुंपली, चौघांना बसवलं आणि विहिरीपाशी थांबवली. तानुबाईनं भाकरी बांधून आणल्या. बप्पा पासष्टीचे होते, पण आवाज सगळ्या वाडीला ऐकू गेला.

"ज्याच्या बापानं ही हिर फोडली त्येला हितं जागा न्हाई, तर मला बी न्हाई. लिंबाजी ज्या दिशी माघारी यील त्या दिशी मी यीन."

गाडी गेली. चार दिवसांनी कोणीतरी जिंतूरहून बैलगाडी परत आणून सोडली, बप्पा आले नाहीत. तानुबाई मला पुढे म्हणाली की तिनं बैलाचा कासरा धरला होता, पण त्यांचं तोंड पाहिलं आणि सोडून दिला. तिला मुलगा नव्हता, एकुलती लेक ताडकळसला दिलेली. जमीन पुतण्यानं बटाईनं केली. ती मागे राहिली, कारण कोणीतरी घराला दिवा लावायला हवा, आणि माणूस परत येणार म्हटल्यावर घर उघडं असायला हवं.

लिंबाजी औरंगाबादकडे बांधकामावर लागला. बप्पा तिथेच राखणदारी करायचे. वर्षातून दोनदा पोस्टकार्ड यायचं, लिंबाजीच्या सुरेख अक्षरात, शाळेच्या पत्त्यावर. खुशाल आहे, बैलांना जपा, ओट्याकडच्या भिंतीला पावसाआधी माती लावा. मी तानुबाईला वाचून दाखवायचो, ती सांगेल ते उत्तर लिहायचो. बप्पांच्या एकाही पत्रात माझ्याबद्दल चकार शब्द नसायचा. तेवढा शब्द शोधायला मी ती कार्डं दोन-दोनदा वाचायचो.

चौऱ्याऐंशीच्या मार्गशीर्षात एक कार्ड आलं, त्याच्या माथ्यावर 'श्री' नव्हता. मरणाच्या पत्रावर श्री लिहीत नाहीत, ते घरात नेत नाहीत, आणि वाचलं की फाडून टाकतात. मी शाळेच्या पायरीवर उभा राहून लिंबाजीचं अक्षर वाचलं. बप्पा गेले. चार दिवस ताप होता. शेवटी पाणी मागत होते, दिलं तर म्हणायचे हे नाही, विहिरीचं आणा. अग्नी मी दिला. तानुमायला जपून सांगा, गुरुजी.

रीतीप्रमाणे मी कार्ड फाडलं, तुकडे निंबाच्या बुडाशी टाकले आणि तानुबाईच्या घराकडे निघालो. वाक्य मनात जुळवलं होतं. ती ओटा सारवत होती. मनगटापर्यंत हात शेणात, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. मला पाहून म्हणाली की हे येतील तेव्हा ओटा उखडलेला दिसायला नको, आणि पत्र आलं का म्हणून विचारलं.

मी म्हणालो, "नाही."

एवढा एकच शब्द. घरी येऊन सुमंगलेला सांगितलं. ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता परत जा. मी म्हणालो, संक्रांत तोंडावर आहे, बिचारीला एवढं हळदीकुंकू होऊ दे. संक्रांत झाली, मग म्हणालो होळी होऊ दे. सुमंगला एक दिवस हातातलं ताट खाली ठेवून म्हणाली, "तुम्ही तिच्यावर दया करत नाही, स्वतःवर करताय." मी तिच्यावर ओरडलो. पण खरं तेच होतं. बप्पा वारले म्हणायचं तर त्यांनी वाडी का सोडली ते निघणार, आणि ते निघालं की त्या कुलपाची गोष्ट निघणार. ती तानुबाईला माहीत नव्हती, बप्पांनी तिला सांगितलीच नव्हती.

पंच्याऐंशीची आखिती आली. वाडीला पन्नास वर्षं पुरी झाली म्हणून भगवानरावांनी मोठा घाट घातला होता. ते पहिल्या पाटलाचे चिरंजीव, त्यामुळे वाडी आपल्या वडिलांनी एकट्यानं वसवली अशी त्यांची प्रामाणिक समजूत. विहिरीपाशी काळा दगड उभा केला, त्यावर वसवणाऱ्यांची अकरा नावं, यादी अर्थात माझी. शाळा उभी केली म्हणून माझा सत्कार झाला आणि माझ्या नावाची एक घागर कठड्यावर पालथी मांडली. परगावच्या माणसाला असा मान वाडीनं पहिल्यांदाच दिला. खोटं कशाला सांगू, मला गुदगुल्या झाल्या.

तोवर वसवणाऱ्यांपैकी दहा जण गेले होते. दहा घागरी भरून झाल्या. उरली बप्पांची पालथी घागर. भगवानराव म्हणाले की जिंतूरच्या वकिलाला विचारलं आहे, सात वर्षं माणूस दिसला नाही की कायद्यानं तो गेला असं धरतात, ती आता होतच आली, आज एवढं मंगल काम आहे, तर बप्पांचीही घागर भरून टाकू. ते घागरीला हात लावणार, तोच तानुबाई पुढे आली आणि दोन्ही हातांनी घागर दाबून धरून बसली.

"घागर भरली की मी रांडाव झाले," ती म्हणाली. "मानूस जित्ता असताना कामून भरायलात?" मग तिनं गर्दीत मला शोधलं. "गुरुजी, तुमी सांगा ह्येन्ला. पत्र येयलेत का न्हाई?"

सगळी वाडी माझ्याकडे पाहत होती. वही माझ्या हातात, नावं पुकारणारा मी. त्या क्षणी मी फक्त बप्पांचं नाव पुकारलं असतं तरी पुरलं असतं.

"येतात," मी म्हणालो. "खुशाल आहेत."

भगवानरावांनी हात मागे घेतला. गुरुजींचा शब्द म्हणजे संपलं. तानुबाईनं माझ्याकडे अशा मायेनं पाहिलं की मला वाटलं, आपण एका बाईचं कुंकू वाचवलं. एका मडक्यात पाणी नाही पडलं तर कोणाचं काय बिघडतं, असंही मला वाटलं.

त्यानंतर नऊ दिवाळ्या ती मला पत्र सांगायला आली. मी लिहून घ्यायचो आणि टाकतो म्हणून सांगायचो. ती कार्डं मी टाकली नाहीत. नकाशांच्या गुंडाळ्या ठेवतात त्या पेटीत साठवली, आणि नव्वद साली निवृत्त झालो तेव्हा घरी आणली. उत्तर येत नव्हतं, आणि त्याचं कारण तिनं स्वतःच शोधून काढलं. मी गाडीत बसले नाही म्हणून त्यांना अजून राग आहे, असं ती म्हणायची. एका पत्रात तिनं माफी मागितली. तिच्या तोंडून शब्द निघत होते आणि मी ते माझ्या वळणदार अक्षरात उतरवून घेत होतो. असला निगरगट्टपणा माझ्यात होता हे मला माहीत नव्हतं. सुमंगला एकोणनव्वदला गेली. जाण्याच्या आदल्या दिवशी तिनं फक्त विचारलं, "सांगितलं का तिला?" मी मान हलवली. होकाराची की नकाराची ते मलाही नीट कळलं नाही.

तिकडे लिंबाजीला वाटत होतं की तानुमायनं त्याच्याशी संबंध तोडला, कारण त्याच्यापायी तिचा माणूस गेला. हे मला फार उशिरा कळलं.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचं नाव बदलल्याची बातमी रेडिओवर लागली. तानुबाई तेव्हा पंचाहत्तरीला टेकली होती, पाठीतून वाकली होती. काठी टेकत माझ्या दारात आली आणि विचारलं की आता लिंबाजी येईल का. मी म्हणालो, येईलही. ती घरी गेली आणि तिनं ओटा सारवला.

लिंबाजी आला तो आखितीलाच. ऊन चांगलं चढलं होतं. कठड्यावर दहा घागरी भरून झाल्या होत्या, बप्पांची आणि माझी पालथी, आणि तानुबाई दरवर्षीसारखी बप्पांच्या घागरीला हात लावून बसलेली. फाट्याकडून एक माणूस पायी येताना दिसला. डोक्याचे केस पांढरे झालेले, अंगात इस्त्रीचा सदरा, हातात कापडी पिशवी. मी त्याला चालीवरून ओळखलं. पळून जावंसं वाटलं, पण बाजूला शाळेची भिंत होती आणि समोर सगळी वाडी.

तानुबाईनंही ओळखलं. ती उठली. काठी विसरून चार पावलं पुढे गेली. लिंबाजी तिच्या पायाशी वाकत होता, पण ती त्याच्याकडे पाहतच नव्हती. तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे रस्त्यावर होती.

"मागं हायेत का रं?" तिनं विचारलं. "दमानं चालायलेत का? लय ऊन हाय, तू पुढं कामून आलास त्येन्ला टाकून?"

लिंबाजी तसाच वाकलेला राहिला. मग सरळ झाला, तिच्या कपाळाकडे पाहिलं, पालथ्या घागरीकडे पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडे. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, त्याला नुसतं समजत नव्हतं.

"माय, मी गुरुजीला कार्ड टाकलं होतं," तो म्हणाला. "चौऱ्याऐंशी साली. बप्पाची घागर भरताना एकदा उभं राहावं म्हणून मी आज आलो."

तानुबाई कठड्याला धरून खाली बसली. ती रडली नाही. महिना विचारला, तिथी विचारली, अग्नी कोणी दिला ते विचारलं. मग विचारलं की शेवटी पाणी मागितलं होतं का. लिंबाजीनं खोटं बोलायला हवं होतं, पण ते त्यानं माझ्याकडून शिकलं नव्हतं. त्यानं सांगितलं की ह्याच विहिरीचं मागत होते.

ती बोटांवर मोजू लागली. ओठ हलत होते. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताची चार झाली. मग तिनं माझ्याकडे मान वळवली. नऊ वर्षं मी ह्या क्षणाची तयारी केली होती. कुंकू, हळदीकुंकू, म्हातारपण, सगळी उत्तरं माझ्याकडे तयार होती.

"गुरुजी," ती म्हणाली, "माझं लेकरू पान्यापायी गेलं म्हून त्येन्नी ही हिर खंदली. आन् तुमी त्येन्ला नऊ उन्हाळे तहानलेलं ठिवलं."

माझ्याकडच्या एकाही उत्तरात पाणी नव्हतं. मेलेल्याला पाणी पोचत नाही हे मला ठाऊक होतं, पण तिच्या डोळ्यांसमोर तिचा माणूस नऊ वर्षं कोरड्या घशानं उभा होता, आणि तो मी उभा केला होता. मी गर्दीदेखत शाळेच्या किल्लीची गोष्ट सांगितली. पेटीतल्या पत्रांचीही सांगितली. सोळा वर्षांनी सांगितली, आणि तिनं ती ऐकली की नाही तेही मला कळलं नाही.

तिनं लिंबाजीला पाणी शेंदायला सांगितलं. भगवानराव पुढे होते, त्यांनी एकदा गर्दीकडे पाहिलं आणि स्वतःच दोर लिंबाजीच्या हातात दिला. ज्या विहिरीपासून त्याची आई दहा पावलांवर उभी राहायची, तिच्यात त्यानं पोहरा सोडला. तानुबाईनं आपल्या हातानं घागर सुलटी केली. पुकारायचं काम माझं. मी सवयीनं तोंड उघडलं, तशी तिनं हात वर केला.

"तुमी नगा."

आणि जन्मात कधी नवऱ्याचं नाव न घेतलेल्या त्या बाईनं मोठ्या आवाजात पुकारलं, "सिताराम." लिंबाजीनं घागर भरली. तिनं ती कठड्याखालच्या निंबाला ओतली आणि पुन्हा पुढे केली. पुन्हा नाव, पुन्हा पाणी. अशा नऊ घागरी तिनं ओतल्या, एकेका उन्हाळ्याची एकेक. दहावी भरून कठड्यावर ठेवली. मग पोहऱ्यात उरलेल्या पाण्यानं कपाळ धुतलं.

मला तिथे उभं राहवेना. माझी पालथी घागर मी उचलली आणि लिंबाजीपुढे धरली. नुसतं म्हणालो, "मुंजाजीची." त्यानं ती माझ्या हातातून घेतली नाही. मी खाली ठेवली, तेव्हा उचलली, धुतली, भरली आणि बापाचं नाव पुकारलं. कठड्यावर बारा घागरी झाल्या. दगडावर अजून अकराच नावं आहेत. बारावं कोरून घ्यायला मी भगवानरावांच्या मागे लागलो आहे, आणि तेरावं तानुबाईचं, कारण ती विहीर खणली गेली ती तिनं चढावर गमावलेल्या लेकरापायी.

दुपारनंतर मी घरात बसून होतो. दार लावायचं धैर्य नव्हतं आणि उघडं ठेवायची लाज वाटत होती. बाहेर आखितीचं पाणी वाटणं चाललं होतं. माझ्या दारात कोणी येणार नाही हे धरूनच चाललो होतो. काठीचा आवाज आला. तानुबाई होती, कपाळ मोकळं, हातात तांब्या. बप्पांच्या घागरीतलं पाणी.

आखितीच्या पाण्याला कोणाला नाही म्हणायचं नसतं. ती उंबऱ्यापाशी आली. माझ्याकडे पाहिलंही नाही. तांब्या तिरका करून थांबली. मी उंबऱ्यावर गुडघे टेकले आणि ओंजळ धरली. पाणी गार होतं. मी ते सगळं प्यालो, आणि ती जाईपर्यंत ओंजळ तशीच धरून रडत राहिलो.